मदतीला धावणाऱ्या मुलाच्या नावाने शिष्यवृत्ती: कोकणातल्या गावात पहिल्या ठरावापासून दुसऱ्या हप्त्यापर्यंत

कोकणातल्या बऱ्याच हायस्कुलांच्या भिंतीवर स्मृती पारितोषिकांचा फलक असतो. दहावीत पहिला, गणितात पहिली, संस्कृतात सर्वाधिक गुण. फलकावरची नावं वाढत जातात, व्याज मात्र आटत जातं. पाच हजारांच्या जुन्या ठेवीवर आज साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ३२५ रुपये हातात येतात. एवढ्यात दप्तरसुद्धा येत नाही.

आता असा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा, जो स्वतः कुबड्यांवर किंवा चाकाच्या खुर्चीत होता, ज्याला दिसत नव्हतं किंवा ऐकू येत नव्हतं, आणि तरी वाडीतल्या म्हाताऱ्यांची पेन्शनची पत्रं वाचून द्यायला, लहान मुलांचा पडवीत अभ्यास घ्यायला, कुणाचा ऑनलाइन अर्ज भरून द्यायला तोच पुढे असायचा. तो गेला, आणि गावाला त्याच्या नावाने काही करायचं आहे. अशा मुलाच्या नावाने ‘दहावीत प्रथम’ हे बक्षीस ठेवलं तर फलकावर फक्त त्याचं नाव राहतं, तो राहत नाही. शिवाय दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला असतो. गुणांसाठी कौतुक करणारे इथे पुष्कळ आहेत. दुसऱ्याच्या उपयोगी पडणाऱ्या दिव्यांग मुलाला हेरून त्याच्या शिक्षणातली नेमकी अडचण दूर करणारे थोडे. ही शिष्यवृत्ती त्या कामासाठी असावी, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

आधी घरच्यांशी, आणि लेखी

दुःख ताजं असताना बाराव्या-तेराव्याच्या दिवशी रक्कम जाहीर करू नये. त्या दिवशी पन्नास जण हात वर करतात, सहा महिन्यांनी त्यातले दहा उरतात, आणि ‘शिष्यवृत्तीचं काय झालं’ हा प्रश्न लोक आईवडिलांनाच विचारू लागतात. दोन-तीन महिने जाऊ द्या. मग दोघा-तिघांनी घरी बसून पाच गोष्टी विचारून घ्या. नाव कसं लिहायचं, कागदावरचं की हाक मारायचं? फोटो वापरायचा का, आणि कोणता? आजाराचा किंवा अपंगत्वाचा उल्लेख किती करायचा? घरातलं कुणी निवड समितीत बसणार का? आणि घरच्यांनी पैसे घालावेत अशी अपेक्षा नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं आहे ना? उत्तरं एका कागदावर लिहून आई-वडिलांची सही घ्या. पुढे पत्रक छापताना हाच कागद कामी येतो.

शब्दांचंही विचारा. सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ आहे, पण काही जणांना ‘अपंग’ हाच सरळ शब्द वाटतो. गेलेला मुलगा स्वतःला काय म्हणायचा, ते त्याच्या भावंडांना माहीत असतं. ‘अपंग असूनही’ हे शब्द मात्र पत्रकात कुठेही नकोत. त्याचं मदत करणं हा त्याचा स्वभाव होता.

निकष: ‘मदत’ मोजायची कशी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘समाजकार्याची आवड’ एवढंच लिहिलं तर अर्जासोबत वृक्षारोपणाची आणि स्वच्छता अभियानाची प्रमाणपत्रं येतील, आणि ज्या मुलीने तीन वर्षं शेजारच्या आजींच्या गोळ्या डब्यात लावून दिल्या तिच्याकडे दाखवायला कागदच नसेल.

म्हणून प्रमाणपत्र मागू नका. दोन गोष्टी मागा. एक, अर्जदाराचं स्वतःचं सांगणं: कुणाला, काय, किती दिवस, आणि एखाद्या दिवशी जमलं नाही तेव्हा काय केलं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. खरोखर नेमाने काम करणाऱ्याकडे त्याचं उत्तर तयार असतं: ‘भावाला पाठवलं’, ‘आदल्या दिवशीच करून ठेवलं’. दोन, ज्याला मदत झाली त्याचे चार शब्द. अंगणवाडी सेविका, वाण्याचं दुकान, पोस्टमन, शेजारची काकी, कुणीही चालेल. पत्र लिहिता येत नसेल तर समितीने फोनवर विचारून तारीख टाकून नोंदवावं. नातेवाइकाचं आणि शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र या जागी धरू नये. मुख्याध्यापक सगळ्याच मुलांबद्दल चांगलंच लिहितात.

गुणांकन १०० पैकी ठेवा: मदतीचं सातत्य ५०, गरज ३०, शिक्षण चालू ठेवण्याचा विचार २०. परीक्षेच्या टक्क्यांना वेगळे गुण नकोत, पुढच्या वर्गात गेला आहे एवढं पुरे. एटीकेटी असली तरी अर्ज बाद करू नये. वर्षातले दोन महिने उपचारांसाठी मुंबई-कोल्हापूरला गेलेल्या मुलाचा एखादा विषय राहतोच.

दिव्यांगत्वाची अट कशी लिहायची, हेही नीट ठरवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. अस्थिव्यंग, अंधत्व, कर्णबधिरता यांच्यासोबत विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हेही त्यात येतात. ‘अपंगत्व दिसलं पाहिजे’ असं मनात धरून बसलेली समिती यातले बरेच अर्ज नकळत बाजूला टाकते. सरकारी सवलतींना बहुधा ४० टक्क्यांची मर्यादा असते. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे युडीआयडी, ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ७९ मध्ये पिवळं आणि ८० पासून पुढे निळं मिळतं. तुमच्या शिष्यवृत्तीला कोणताही रंग चालू द्या, आणि ज्याने युडीआयडीसाठी अर्ज केला आहे त्याची पोचही चालू द्या. जिल्हा रुग्णालयातल्या तपासणीची तारीख मिळण्यापासून कार्ड हातात पडेपर्यंत वेळ जातो. तोवर मुलाचं वर्ष थांबत नाही.

आणखी एक अट टाळा: शाळेचं नाव. कोकणात पटसंख्या घटते आहे, मराठी शाळा एकशिक्षकी होत आहेत, काही बंद होत आहेत. ‘अमुक शाळेचा विद्यार्थी’ असं नियमांत लिहिलं आणि ती शाळा मिटली, तर निधी अडकतो. ‘तालुक्यात राहणारा किंवा तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयात शिकणारा’ असं लिहा.

मुद्दल, व्याज आणि हातात येणारी रक्कम

हिशेब आधी कागदावर मांडा. पाच लाखांची मुदत ठेव, व्याज साडेसहा टक्के धरलं तर वर्षाला ३२,५०० रुपये. हे सगळं वाटलं तर महागाईने दहा वर्षांत शिष्यवृत्ती नावापुरती उरेल. म्हणून व्याजाचा पाचवा भाग, म्हणजे ६,५००, दरवर्षी मुद्दलात परत टाका. उरले २६,०००. त्यातून १२,००० च्या दोन शिष्यवृत्त्या आणि छपाई, घरभेटीचा प्रवास, हिशेब तपासणी यांसाठी २,०००. पाच लाखांत एवढंच बसतं. ‘दरवर्षी दहा मुलांना’ असं जाहीर करण्याआधी हे आकडे सगळ्यांना दाखवा.

दोघांना १२,००० की आठ जणांना ३,०००? दोघांनाच द्या. कारण साधं गणित सांगतं. वाडीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत रिक्षाचे जाऊन-येऊन दिवसाला ८० रुपये धरले, तर महिन्याच्या २२ दिवसांचे १,७६० आणि दहा महिन्यांचे १७,६०० होतात. एसटीत दिव्यांगांना भाड्यात मोठी सवलत आहे, पण ती थांब्यापासून पुढे. घरापासून थांब्यापर्यंतच्या पाखाडीला, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेला, सवलत नाही. तीन हजार रुपये त्या मुलाला दोन महिनेही कॉलेजात पोचवत नाहीत.

पैसे ठेवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली, ठेव ‘संचयी’ प्रकारात टाकणं. मग व्याज पाच वर्षांनी एकदम मिळतं आणि जूनमध्ये वाटायला काहीच नसतं. व्याज दर तिमाहीला किंवा वर्षाला खात्यात जमा होईल, अशी ठेव मागा. मुदत मे महिन्यात संपेल अशी बेतता आली तर उत्तम. दुसरी चूक, ओळखीच्या पतपेढीत जास्त दर मिळतो म्हणून तिथे ठेवणं. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासह पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं. नोंदणीकृत न्यासाचा पैसा कुठे ठेवायचा, याची बंधनंही कायद्यात आहेत. मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांच्या वर जाणार असेल तर दोन बँकांत विभागा.

मोठं मुद्दल जमेपर्यंत थांबायलाही नको. मुंबई-पुण्याला असलेल्या २४ जणांनी वर्षाला १,००० रुपये तीन वर्षं द्यायचं लेखी कबूल केलं, तर पहिल्याच जूनपासून २४,००० वाटता येतात आणि मुद्दल बाजूला वाढत राहतं.

कुणाच्या छत्राखाली

नवीन न्यास काढायची घाई करू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदणी केली की दरवर्षी हिशेब तपासणी आली, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज आला, पॅन, विवरणपत्र आलं. दहा लाखांच्या आतल्या निधीसाठी हा व्याप पेलत नाही. तीन-चार वर्षांनी उत्साही माणूस बदलून गेला की फाइल तशीच पडते.

त्यापेक्षा आधीच नोंदणी असलेली संस्था शोधा: गावचं वाचनालय, शिक्षण संस्था, किंवा मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ. मंडळाचं नाव जुनं आहे म्हणून ते नोंदलेलं असेलच असं नाही. नोंदणी क्रमांक आणि मागच्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब पाहा. हिशेब दाखवायला का-कू करणाऱ्या ठिकाणी निधी ठेवू नका, मग ते कितीही मानाचं असो.

संस्थेच्या कार्यकारिणीने ठराव करावा, आणि त्यात हे शब्दशः यावं: निधीचं नाव; तो ‘मूळ निधी’ असून मुद्दल खर्च होणार नाही; त्याचं बँक खातं वेगळं असेल; पाचवा भाग व्याज मुद्दलात जाईल; निवड स्वतंत्र समिती करील आणि कार्यकारिणी तिचा निर्णय बदलणार नाही; संस्था बंद पडली किंवा सलग दोन वर्षं शिष्यवृत्ती दिली नाही तर निधी तालुक्यातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे वर्ग होईल. शेवटचं कलम लिहिताना सगळ्यांना अवघड वाटतं. तरी लिहाच. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत घरच्यांकडे द्या.

वर्गणी: गणपतीत बोला, बँकेत घ्या

चाकरमानी गावी येतात ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. गणपतीत सांगितलं, दिवाळीपर्यंत पैसे जमले, तर पुढच्या जूनला पहिला हप्ता देता येतो. आरतीनंतर पाच मिनिटं बोलणं पुरतं, लांब भाषण नको. हातात एक पान द्या. त्यावर हिशेब, खातं क्रमांक आणि दोन फोन नंबर असावेत.

नोंदणी नसलेल्या चार मित्रांनी पावती पुस्तक छापून गावोगाव वर्गणी काढू नये. गणेशोत्सव मंडळं याच विश्वस्त कायद्याच्या ज्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात, तीच इथेही लागते. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट पैसे घेतले की तो प्रश्न येत नाही.

देणगीदार हमखास विचारतात ते तीन प्रश्न. करसवलत मिळेल का? संस्थेला आयकर खात्याची ८०जी ची मान्यता असेल तर मिळते, पण २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, आणि ज्याने नवी करप्रणाली निवडली आहे त्याला ही सवलत मिळत नाही. हे आधी सांगा, नाहीतर मार्चमध्ये वाद होतात. मुद्दलासाठी देतोय हे कुठे लिहायचं? देणगीदाराकडून एक ओळीचं पत्र घ्या, ‘ही रक्कम मूळ निधीसाठी आहे’. हे पत्र नसेल तर कराच्या हिशेबात तो पैसा चालू उत्पन्नात धरला जातो. आणि दुबई, मस्कत, कुवेतला असलेल्या गाववाल्यांचं काय? भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी धरत नाहीत. पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत फाइलला लावा. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाकडून, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी, परकीय देणगीची नोंदणी नसलेल्या संस्थेने एक रुपयाही घेऊ नये.

अर्ज सगळ्यांना भरता आला पाहिजे

दिव्यांग मुलांसाठीची शिष्यवृत्ती आणि अर्ज मात्र अंध मुलीला वाचता येत नाही, असं सर्रास घडतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं. पत्रक छापखान्यात जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेलं असतं, नाहीतर व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो फिरत असतो. फोनमधलं टॉकबॅक किंवा संगणकावरचं एनव्हीडीए ही पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी साधनं फोटोतली अक्षरं नीट वाचत नाहीत, आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर वाचलाच तर अगम्य काहीतरी बोलतात. म्हणून अर्ज युनिकोड मराठीत टाइप करा आणि फोटोसोबत तोच मजकूर साध्या संदेशातही पाठवा. छापील अर्जात अक्षर १६ ते १८ पॉइंट, काळी शाई, मागे चित्र नको.

अर्ज एका पानाचा असावा. नाव, वय, इयत्ता, राहण्याचं ठिकाण, दिव्यांगत्वाचा प्रकार, मदतीबद्दलचे चार प्रश्न, आणि ‘पुढच्या वर्षी शिकताना सगळ्यात मोठी अडचण कोणती, आणि ती दूर करायला अंदाजे किती खर्च येईल’ हा पाचवा. उत्पन्नाचा दाखला असेल तर लावावा, नसेल तर रेशनकार्डाची प्रत चालेल. आधारची प्रत मागायचीच असेल तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी मागा. अर्ज लिहून, फोनवर सांगून, आवाजी संदेशाने, किंवा कर्णबधिर मुलांसाठी खुणांच्या भाषेतल्या व्हिडिओने, कसाही चालेल. सही जमत नसेल तर अंगठा. अर्ज दुसऱ्याने भरला असेल तर त्याचं नाव खाली लिहायचं, एवढंच. ही कागदपत्रं एकाच माणसाकडे कुलपात राहतील. समितीच्या गटावर वैद्यकीय प्रमाणपत्राचा फोटो टाकायचा नाही.

अर्ज पोचवायचे कुठे? शाळांत तर द्याच. पण शाळा सुटलेली मुलं तिथे भेटत नाहीत. आशा सेविका, अंगणवाडी, ग्रामपंचायत, रेशन दुकान आणि पंचायत समितीतल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना गाठा. तालुक्यातली दिव्यांग मुलं त्यांना नावानिशी माहीत असतात.

आणि प्रत्येक अर्जदाराला, त्याची निवड होवो न होवो, सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मदत करा. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नववी-दहावीसाठी वेगळी आणि अकरावीपासून पदव्युत्तरपर्यंत वेगळी योजना आहे, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाखांची. राज्याच्या योजना महाडीबीटी या पोर्टलवर आहेत. पंधरा अर्जदारांतले तेरा तुमच्या यादीत बसणार नाहीत. त्यांच्यासाठी तेवढी एक दुपार बसणं हेच गेलेल्या मुलाच्या नावाला शोभतं. सरकारी योजनेत दुसरी शिष्यवृत्ती घेऊ नये अशी अट असू शकते, ती वाचून घ्या. तशी असेल तर तुमची मदत रोख शिष्यवृत्ती म्हणून न देता प्रवासाचं बिल किंवा साधन या रूपात देता येते का, ते पाहा.

निवड: पाच माणसं आणि एक पाखाडी

समिती पाच जणांची. त्यात एक तरी दिव्यांग व्यक्ती हवीच, एक शिक्षक, एक गेलेल्या मुलाचा मित्र किंवा भावंड, एक गावाबाहेरचा माणूस, आणि या पाचांत निदान दोन स्त्रिया. सरपंच, मानकरी यांना कार्यक्रमाला बोलवा, समितीत नको. गावकी-भावकीचे जुने हिशेब निवडीत शिरले की शिष्यवृत्ती तिथेच संपते. अर्जदार कुणाचा नातेवाईक निघाला तर त्या सभासदाने त्या नावापुरतं खोलीबाहेर जावं आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी.

कागदावरून सहा नावं काढा आणि सहाही घरी जा. दोघांनी जावं, आधी फोन करून, अर्ध्या तासाहून जास्त बसू नये, फोटो काढू नये. आणि गाडी दारापर्यंत जात असली तरी मुलगा ज्या वाटेने थांब्यावर जातो, त्या वाटेने चालत जा. जांभ्याच्या पायऱ्या मोजा. साकवाला, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाला, कठडा आहे का ते पाहा. अर्जात ‘अडचण: प्रवास’ एवढेच दोन शब्द असतात. चाळीस पायऱ्यांची, एका बाजूला दगडी गडगा आणि दुसऱ्या बाजूला व्हाळ म्हणजे ओढा असलेली, शेवाळलेली उतरण पाहिली की ३० गुणांपैकी किती द्यायचे ते कळतं.

घरभेटीत गरजेचा आकडाही नेमका होतो. कुबडीच्या टोकाला रबरी टोपी असते. जांभ्यावर ती झपाट्याने झिजते आणि झिजलेली टोपी पावसात ओल्या चिऱ्यावर सरकते. टोपी नळीच्या जाडीप्रमाणे मिळते, म्हणून माप घेऊनच आणावी लागते, आणि मे अखेरीला नवी बसवावी लागते. हे काम काही थोड्या रुपयांचं आहे, पण ते न झाल्यामुळे मुलं जून-जुलैत घरी बसतात किंवा पडतात. श्रवणयंत्राचं तसंच. एक सेल साधारण दहा दिवस चालतो असं धरलं तर दोन कानांना महिन्याला सहा लागतात, आणि दमट हवेत यंत्र बिघडू नये म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं. किनाऱ्यालगतच्या घरात चाकाची खुर्ची खाऱ्या हवेने गंजते. गोड्या पाण्याने पुसून, बेअरिंगला तेल देऊन ती पावसाआधी आणि पावसानंतर तयार करावी लागते. खर्चाच्या २,००० तून निदान ५०० अशा किरकोळ दुरुस्तीसाठी राखा, आणि ते निवड न झालेल्या मुलांनाही द्या. मोठं साधन विकत घेण्याआधी साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेखाली, अलिम्को या सरकारी कंपनीच्या शिबिरात ते मिळतं का, याची चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करा.

पैसे वेळेवर, आणि खात्यात

पुण्यतिथी नोव्हेंबरात आहे म्हणून पैसे नोव्हेंबरात द्यायचे, ही सगळ्यात नडणारी सवय. फी, पास, वह्या, खोलीचं डिपॉझिट हे सगळं जूनमध्ये असतं. बारावी-दहावीचे निकाल मे महिन्यात लागतात. अर्ज एप्रिलअखेर, घरभेटी मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत, निवड मेअखेर, पहिला हप्ता ७,००० रुपये १५ जूनच्या आत. दुसरा ५,००० दिवाळीच्या सुट्टीनंतर, मूल शिकतं आहे एवढी एका फोनवर खात्री करून. गुणपत्रिका मागू नका. पुण्यतिथीला कार्यक्रम जरूर करा, पैसे त्याआधीच पोचलेले असू देत.

निवड झाली की पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत घ्या आणि आधी एक रुपया पाठवून पाहा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. शाळेत असताना उघडलेल्या कित्येक खात्यांचं असंच झालेलं असतं, आणि केवायसीसाठी मुलाला बहुधा शाखेत जावं लागतं. त्याला सोबत करा. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुन्या पासबुकावरचा आयएफएससी तसाच आहे का, तेही तपासा. मोठा प्रतीकात्मक धनादेश नको. तो हातात धरून काढलेला फोटो त्या मुलाच्या मागे वर्षानुवर्षं फिरतो.

कार्यक्रम ठेवायचाच असेल तर

शाळेच्या सभागृहातलं व्यासपीठ तीन फूट उंच असतं. चाकाच्या खुर्चीला झेपणारा उतार एकास बारा, म्हणजे तीन फुटांसाठी ३६ फूट लांब रॅम्प. तो कुणी बांधणार नाही, आणि मग चार जण खुर्ची उचलून वर नेतात आणि टाळ्या वाजतात. हे होऊ देऊ नका. व्यासपीठ रिकामं ठेवा, सगळ्यांनी खाली पटांगणात एकाच पातळीवर बसा. शौचालयात खुर्ची जाते का, ते आदल्या दिवशी पाहा.

मुलांना त्यांचं दुःख सांगायला उभं करू नका. कुणाला बोलायचं असेल तर तो कुणाला कशी मदत करतो, त्याबद्दल बोलू द्या. मानपत्र मोठ्याने वाचा, त्याचा मजकूर फोनवरही पाठवा. समोर कर्णबधिर मूल असेल तर भाषणाचे मुद्दे आधीच टाइप करून त्याच्या हातात द्या. शाल-श्रीफळाचा आणि चहाचा खर्च निधीतून करू नये.

मदतीची परतफेड लादू नये, पण एक यादी करावी

‘शिष्यवृत्ती घेणाऱ्याने वर्षाला ५० तास सेवा करावी’ अशी अट सुचवली जाते. आमचं मत स्पष्ट आहे: घालू नये. ते मूल आधीच मदत करतं, म्हणून तर निवडलं. तास मोजायला लावले की ती हजेरी होते.

त्याऐवजी समितीनेच एक काम अंगावर घ्यावं: परीक्षेत दुसऱ्यासाठी उत्तरं लिहून देणाऱ्या तालुक्यातल्या लेखनिकांची यादी. दहावीच्या पात्र दिव्यांग परीक्षार्थीला लेखनिक मिळतो आणि तासामागे वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, पण लेखनिक त्याच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, आणि तो शोधायची वेळ बहुधा फेब्रुवारीत येते. तेव्हा सगळे आपापल्या परीक्षेत असतात. ऑगस्टमध्येच आठवी-नववीतल्या, अक्षर स्वच्छ असलेल्या दहा मुला-मुलींची नावं पालकांच्या संमतीने लिहून घ्या. परीक्षार्थीसोबत निदान चार बैठका होऊ द्या: आकृती कशी सांगायची, गणिताची पायरी कशी बोलायची, कुठे थांबायचं. बोर्डाची परवानगी शाळेमार्फत वेळेत मागवा. लेखनिकाचा जाण्यायेण्याचा खर्च निधीतून द्या.

दुसऱ्या वर्षापासून

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, तपासलेला हिशेब सप्टेंबरअखेर तयार लागतो. म्हणून गणपतीत चाकरमानी गावी असताना एका पानाचा अहवाल वाचता येतो: मुद्दल किती, व्याज किती, किती परत टाकलं, किती दिलं. मुलांची नावं त्यांच्या परवानगीशिवाय वाचू नयेत. एखाद्या वर्षी योग्य अर्ज आला नाही तर रक्कम मुद्दलात टाका. ओळखीपाळखीने कुणाला तरी देऊन टाकू नका.

दप्तर जाड पुठ्ठ्याच्या वहीत ठेवा आणि तिचे फोटो दोन वेगवेगळ्या घरांतल्या फोनमध्ये. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात पडवीतल्या कपाटातले कागद बुरशीने चिकटतात, आणि ठरावाची मूळ प्रत नेमकी त्यातच असते. वहीत दरवर्षी एक पान अर्ज न आलेल्या वाड्यांसाठी ठेवा. कुठून एकही अर्ज आला नाही, तिथे पुढच्या मार्चमध्ये स्वतः जायचं. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाआधी, यादीतल्या प्रत्येक मुलाला एक फोन करायचा: कुबडीचं रबर झिजलंय का, सेल आहेत का, खुर्चीला तेल दिलंय का.